ग्रंथकर्ता हाच प्रकाशक

माझ्या पलंगाखाली सहा गठ्ठे आहेत. दर गठ्ठ्यात पन्नास प्रती. पुस्तक माझे, पैसे माझे आणि आता त्यावरची धूळही माझीच. आठ वर्षांपूर्वी ‘तुम्ही फक्त लिहा, बाकीचे आम्ही पाहतो’ असे सांगणाऱ्या एका संस्थेच्या हाती मी हस्तलिखित सोपवले. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आयएसबीएन, वितरण असे सारे एका ठोक रकमेत ठरले होते. पाचशे प्रती छापल्या गेल्या. दोनशे विकण्यात, भेट देण्यात आणि अभिप्रायासाठी पाठवण्यात संपल्या. पुढे चुका दुरुस्त करून छोटीशी दुसरी आवृत्ती काढावी असे मनात आले, तेव्हा कळले की अक्षरजुळणीची मूळ फाइल त्या संस्थेकडे आहे, आयएसबीएन तिच्या नावावर आहे आणि मुखपृष्ठावरच्या चित्राचे हक्क कोणाचे हे कोणालाच ठाऊक नाही. प्रकाशकाचा सारा खर्च मी केला होता. प्रकाशक मात्र मी नव्हतो.

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याला भरवशाची मदत कोठे मिळते, आणि आपल्या आधी ज्यांनी हे केले त्यांच्या पाठीशी कोण उभे होते, याचा शोध मी त्यानंतर घेऊ लागलो. हा लेख त्या शोधातून आला आहे.

स्वप्रकाशन हा शब्द नवा वाटतो, वस्तू जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात प्रकाशन हा वेगळा धंदा म्हणून मराठीत पुरता रुजलेला नव्हता. ग्रंथकर्त्याने पुस्तक लिहायचे, छापखान्याला मजुरी द्यायची आणि प्रती आपणच खपवायच्या, हा सर्रास रिवाज. पुष्कळ पुस्तके आगाऊ वर्गणीदार जमवून निघत. ज्याला आपण आज साहित्य संमेलन म्हणतो त्याचा आरंभही यातूनच झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मे १८७८मध्ये पुण्यात जी सभा भरली ती ‘ग्रंथकारांची’ होती. हारतुरे आणि अध्यक्षीय निवडणुका पुष्कळ पुढच्या. मराठी ग्रंथांचा प्रसार कसा व्हावा, ही तिची चिंता होती.

पण अशी सभा कोणाच्या उपयोगी पडते? १८८५च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले, हे सर्वश्रुत आहे. तीस वर्षांपूर्वी, १८५५ साली, त्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने स्वीकारले नव्हते. ग्रंथकारांना साहाय्य करण्यासाठीच ती कमिटी होती. साहाय्य होते, पण ते ज्यांना आपले मानले गेले त्यांच्यासाठी होते. आजचा लेखक एखाद्या मंडळात शिरतो आणि काही महिन्यांनी मुकाट्याने बाहेर पडतो, तेव्हा त्यामागे बहुधा हीच गोष्ट असते.

फुल्यांनी पुढे काय केले, ते स्वप्रकाशकाने नीट पाहावे. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून झाले. ‘दीनबंधू’ने त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे थांबवले. पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतलेच. तरी त्यांनी हात आखडता घेतला. आपल्या माणसांतही असे होते. पण फुल्यांनी छपाईची वाट पाहिली नव्हती. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी पुस्तकातले भाग लोकांना वाचून दाखवले होते, आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले होते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापुढे मजकूर आधी गेला. पुस्तकाआधी श्रोते तयार झाले.

र. धों. कर्व्यांचे उदाहरण याहून कडू. १९२५मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली आणि जुलै १९२७पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. संपादक, प्रकाशक, व्यवस्थापक सगळे स्वतःच. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात बचावाला डॉ. आंबेडकर उभे होते. ऑक्टोबर १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालू होते. पदराला खार लावून ते चालवले हे आपण नेहमी सांगतो. कमी सांगतो ते हे, की लाजेकाजेमुळे घरात किंवा डॉक्टरला विचारता न येणारे प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारत आणि ते उत्तरे देत. त्या पत्रव्यवहाराशिवाय सव्वीस वर्षांचा संसार ओढवला नसता, असे मला वाटते.

पुढची उदाहरणे वाचकांच्या परिचयाची आहेत, म्हणून धावती नोंद करतो. केतकरांनी ज्ञानकोशासाठी १९१६ साली नागपुरात चक्क मर्यादित कंपनी काढली. १९७६मध्ये कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल या चार कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ उभे केले. इंग्रजी ‘जेजुरी’ तेथून आले, आणि मुखपृष्ठेही कोलटकरांनीच केली. पुढच्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढले. १९७४ची ‘ग्रंथाली’ तर स्वतःला वाचक चळवळच म्हणवत होती. १९७८मध्ये ‘बलुतं’ तिच्यातून आले. या सगळ्यांत छापण्याचे तंत्र दुय्यम होते. मित्र, वर्गणीदार आणि सभासद आधी होते.

आता आजच्या सोयींकडे वळतो. यातल्या कित्येक गोष्टी फुकट आहेत, आणि नेमक्या त्याच आम्हाला पैसे घेऊन विकल्या जातात.

आयएसबीएन हे पहिले उदाहरण. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. लेखक स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करू शकतो. कागदी बांधणी, पक्की बांधणी, ई-पुस्तक प्रत्येकाला वेगळा क्रमांक लागतो. हा क्रमांक पुस्तकाची ओळख पटवतो, हक्क देत नाही. स्वामित्वहक्क लिहिताक्षणीच लेखकाचा होतो आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. ते हक्क दुसऱ्याला द्यायचे तर १९५७च्या कायद्यातले एकोणिसावे कलम आधी वाचावे. हस्तांतर लेखी हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. माझ्या करारात मुदतीचा रकाना होता. त्यात ‘कायमस्वरूपी’ असे लिहिलेले मी सहीनंतर वाचले.

दुसरी बाब कोणी सांगत नाही. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत! दंडाची भीती कोणाला वाटणार? पण संशोधकाच्या नजरेतून याला फार महत्त्व आहे. १८६७च्या कायद्यामुळे छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होत होती, आणि त्या त्रैमासिक याद्यांमुळेच एकोणिसाव्या शतकातल्या अनेक अनाम ग्रंथकर्त्यांचा पत्ता आज लागतो. तो कायदा मार्च २०२४मध्ये गेला. त्याच्या जागी आलेल्या कायद्यात नियतकालिके आहेत, पुस्तके नाहीत. आता स्वप्रकाशित पुस्तकाने या चार ग्रंथालयांची वाट धरली नाही, तर पन्नास वर्षांनी ते होते की नव्हते हे सांगणे कठीण जाईल.

अक्षरजुळणीबाबत एकच आग्रह धरावा: काम युनिकोडमध्ये आणि मूळ फाइल आपल्या ताब्यात, हे लेखी ठरवून. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ आणि ‘पुऱ्या’चे ‘पुर्या’ होते, आणि तीनशे पानांत असे चट्टे शोधणे म्हणजे डोळ्यांचे हाल. हिंदीसाठी केलेला फॉन्ट वापरला तर ल आणि श परके दिसतात. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ गटाचा ‘मुक्ता’ हे दोन्ही विनामूल्य आहेत. लेखननियमांसाठी यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ आणि अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ टेबलावर असले की निम्मे वाद मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी मुद्रितशोधक लागतोच. त्याच्यावर खर्च करावा, प्रकाशन समारंभावर करू नये.

विक्रीचे गणित सोपे आणि निर्दय आहे. अडीचशे रुपयांच्या पुस्तकावर वितरकाने चाळीस टक्के घेतले की दीडशे उरतात. त्यातून छपाई, वाहतूक आणि परत आलेल्या, कोपरे दुमडलेल्या प्रती. म्हणून लहान आवृत्ती डिजिटल छपाईने काढावी. प्रतीमागे खर्च जास्त येतो, पण पलंगाखालची जागा मोकळी राहते. टपालखात्याने डिसेंबर २०२४मध्ये पुस्तकांसाठीची जुनी नोंदणीकृत सवलत बंद केली, तेव्हा छोट्या प्रकाशकांचे कंबरडेच मोडले होते. मे २०२५पासून ‘ज्ञानपोस्ट’ आले: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते, एवढे लक्षात ठेवावे.

ई-पुस्तकाला हा त्रास नाही. ॲमेझॉनच्या किंडलवर २०१६च्या अखेरीपासून मराठी आहे. मात्र भारतातील विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवे असेल तर नव्वद दिवसांच्या मुदतीसाठी ते ई-पुस्तक दुसरीकडे कोठेही ठेवता येत नाही, म्हणजे बुकगंगावरही नाही. नाहीतर पस्तीस टक्के. ‘प्रतिलिपी’वर भाग भाग करून लिहिता येते आणि वाचक लगेच बोलतात, ते बोलणे कधी उपयोगी, कधी नुसतीच फुले. पैशाची अपेक्षा नसेल तर ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ विनामूल्य ई-पुस्तके वाचकांपर्यंत पोहोचवते.

सरकारी मदतही आहे, पण तिची चाल बैलगाडीची. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. आवाहन वर्तमानपत्रांत येते. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे आणि तेथे लेखक स्वतः प्रती पाठवू शकतो. शिवाय १९६७च्या कायद्याखाली उभी राहिलेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये. ग्रंथालय संचालनालयाच्या निवड यादीत पुस्तक आले तर आनंदच. पण यादीची वाट पाहत बसण्यापेक्षा तालुक्याच्या ग्रंथपालाला जाऊन भेटावे. कोणते पुस्तक कोण नेतो आणि कितव्या पानावर कंटाळून परत आणतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

आणि मंडळी? महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ यांच्या शाखा आणि नियतकालिके आहेत; गावोगावी वाचक कट्टे आहेत; फोनवरचे गट तर मोजता येणार नाहीत. कोणत्याही गटात जाण्याआधी मी आता तीन गोष्टी पाहतो. तेथे कोणी दुसऱ्याचे हस्तलिखित शेवटच्या पानापर्यंत वाचते का? आपला तोटा आकड्यांसह सांगणारा एकतरी माणूस आहे का? आणि सल्ला देणारा शेवटी काही विकतो का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असले तरी माझी हरकत नसते, त्याने ते आधी सांगितले असेल तर. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर मात्र मी चहा पिऊन परत येतो.

माझे दुसरे पुस्तक आमच्या भागातल्या कोरडवाहू शेतीविषयी आहे. आयएसबीएन या वेळी माझ्या नावावर आहे. छपाईआधी एका तालुक्याच्या गावी ग्रंथपालाने वाचनाची बैठक लावून दिली. वीसेक माणसे आली, त्यांत निम्मी शेतकरी. तिसरे प्रकरण वाचत होतो. मागच्या रांगेतून एक म्हातारे बाबा मध्येच म्हणाले, “मास्तर, थांबा जरा. कुळवाला फाळ नसतो. फाळ नांगराला. कुळवाला पास असते.”

पेन मागून घेतले आणि ती ओळ तेथेच खोडली. बैठक संपल्यावर त्यांनी आगाऊ यादीत आपले नाव लिहायला सांगितले. यादीतले ते एकेचाळिसावे.