बिऱ्हाड शोधणारी पत्रे

श्रोतेहो, नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना हमरस्त्यालगत जवाहरनगर लागते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे हे गाव. पण याला गाव म्हणावे का, असा प्रश्न एखादा वडीलधारा माणूस विचारील. पांढरी, पाटील, मारुतीचे देऊळ आणि मग घरे, अशा क्रमाने हे वसलेले नाही. १९६० नंतरच्या दशकात इथे संरक्षण खात्याचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग वसाहत झाली. आधी कारखाना, मग क्वार्टर, मग क्वार्टरातला संसार. देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आली, आपल्या आसपासच्या धानपट्ट्यातूनही आली. बहुतेक ठिकाणी माणूस आधी एकटा आला आणि बायकामुले मागे राहिली. या दोन टोकांमध्ये जे पत्र धावत होते, त्याविषयी आज बोलायचे आहे.

नोकरी लागली म्हणजे लगेच घर मिळते, असे नाही. सरकारी वसाहतीत पगाराच्या पायरीप्रमाणे क्वार्टरचा प्रकार ठरतो. टाईप वन, टाईप टू अशी त्यांची नावे. त्या त्या प्रकाराची यादी असते आणि यादीत आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. तोवर घरभाडे भत्ता मिळतो. क्वार्टर मिळाले की तो बंद होतो आणि वर थोडी लायसन्स फी कापली जाते. म्हणजे नवऱ्यापुढे हिशोब असा : पाळीची वाट पाहत चौघांत एक खोली करून राहावे आणि पैसे घरी धाडावे, की भंडाऱ्यात किंवा जवळच्या खेड्यात भाड्याने बिऱ्हाड करून बायकोला आताच बोलावून घ्यावे? हा हिशोब एकट्याच्या डोक्यात सुटत नाही. त्यासाठी पत्र लागते.

पण पत्र म्हटले तरी कोणते? आपल्याकडे पोस्टकार्ड आले ते १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. स्वस्त खरे, पण उघडे. पोस्टमन वाचतो, वाटेत भेटलेला सोयरा वाचतो, सासरे वाचतात. कार्डावर कोणी ‘तुझ्यावाचून करमत नाही’ असे लिहिणार आहे का? लिहायचे ते ‘इकडील सर्व क्षेम’. आंतर्देशीय पत्र, ज्याला आपण सरळ इनलँड म्हणतो, ते २ ऑक्टोबर १९५० पासून मिळू लागले. तीन घड्या घालून कडा चिकटवल्या की आतला मजकूर झाकला जातो. थोड्या पैशांत झाकलेला कागद मिळाला, ही नवरा-बायकोच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे, बरं का.

तरीही तो कागद बायकोच्या हाती सरळ पडे, असे समजू नका. कितीतरी घरांत पत्र यायचे ते वडिलांच्या नावे. ‘तीर्थरूप बाबांचे सेवेसी, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ असा आरंभ. पुढे बैल, पाऊस, सोसायटीचा हप्ता. आणि अगदी शेवटी ‘मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’. बायको मोठ्यांतही नाही आणि लहानांतही नाही! फार तर एक ओळ : घरात सांगावे की अजून जागा मिळाली नाही. मामंजी ओसरीवर मोठ्याने वाचत आहेत आणि सून दाराआड उभी राहून त्या एका ओळीची वाट पाहत आहे. दुसऱ्यांदा वाचा, असे तिला म्हणता येत नाही.

आणि उत्तर? १९६१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांपैकी शेकडा १५ च्या आसपासच लिहिता-वाचता येणाऱ्या होत्या. बाकीच्यांचे पत्र दुसऱ्याने लिहायचे. कोणी लिहायचे? दीर, पोस्टमन, शाळेत जाणारे पोर, नाहीतर गुरुजी. इथे शिक्षक श्रोत्यांनी क्षणभर आठवून पाहावे. तुमच्या आधीच्या पिढीतल्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर किती घरांची पत्रे लिहिली असतील! त्यांनी ती मनापासून लिहिली, अक्षर मोत्यासारखे काढले. पण गुरुजींसमोर बसून एखादी बाई काय सांगणार? मला तिकडे न्या, इथे सासूशी पटत नाही, हे ती सांगू शकत नाही. न्हाणीला आडोसा आहे का, एवढे विचारायलाही ती लाजते. मग गुरुजी आपल्या वळणाने लिहीत, ‘सौभाग्यवतीची प्रकृती ठीक आहे.’ प्रश्न जागच्या जागी राहून जाई.

अशा बाईचा स्वतःच्या हातचा एकच कागद नवऱ्याकडे पोहोचत असे, आणि तो म्हणजे मनिऑर्डरीची पोच. मनिऑर्डर आपल्याकडे १८८० पासून होती. फॉर्मच्या खाली दोन ओळींचा मजकूर लिहिण्याइतके कुपन असे. ते पैसे घेणाऱ्याकडे राही. आणि पोचेच्या तुकड्यावर सही किंवा अंगठा घेऊन तो पैसे पाठवणाऱ्याकडे परत जाई. मनिऑर्डर बायकोच्या नावे असली, तर महिन्यातून एकदा तिचा अंगठा नवऱ्याच्या हाती पडे. त्यावरून ती आहे, उभी आहे, एवढे कळे. घराविषयी तिचे काय म्हणणे आहे, हे मात्र अंगठा सांगत नाही.

आता बाई स्वतः लिहू लागली की काय फरक पडतो, ते पाहू. याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव स्वतः टपालखात्यातच होते. बदलीची नोकरी, कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे बिऱ्हाड फिरत राहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवावे म्हणून गोपाळरावांनी कोल्हापुराहून पत्र धाडले, ते तिथल्या एका मिशनरी मासिकात छापले गेले. त्यातून लगेच काही निष्पन्न झाले नाही. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तो जुना अंक चाळला आणि त्यांनी पत्र लिहिले. पुढची तीन वर्षे दोघी बायका एकमेकींना लिहीत राहिल्या. आपल्याकडे काय खातात, काय नेसतात, सण कसे करतात, हे सारे त्या पत्रांतून सातासमुद्रापार गेले. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्या अनोळखी घरी जात नव्हत्या. रोझेल गावातले ते घर त्यांनी आधीच पत्रांतून पाहिले होते, आणि कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणू लागल्या.

पुढे शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्यावर मात्र भाड्याच्या खोलीशी गाठ पडली. कडाक्याची थंडी, आणि शेगडी पेटवावी तर धूर. प्रकृती तिथेच ढासळू लागली. गोपाळराव तोवर बंगालमध्ये. नवरा-बायकोंत पत्रे जात-येत होती आणि ती सगळी गोड नव्हती. गोपाळरावांचा स्वभाव टोचून लिहिण्याचा. पण आनंदीबाई त्याला उत्तर देत, आपली बाजू मांडत. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. घराविषयीचे मतभेद कागदावर आले, म्हणून आज ते आपल्याला कळतात. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. वय बावीससुद्धा पुरे नव्हते.

दुसरी जोडी आपल्या या रेल्वेच्या वाटेवरची. भंडारा रोड स्टेशनवरून हावड्याकडे जाणारा जो मार्ग आहे, त्याच मार्गाने १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले, बोलणे झाले, त्यांनी टिळकांना बायबलचा नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. वडिलांचे सोवळे एवढे कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. तशा घरात वाढलेली ही मुलगी. नवरा जिवंत आहे, प्रेमळ आहे, बोलावतो आहे. पण त्याच्या घरात पाऊल टाकले तर स्वतःच्या माणसांचे घर कायमचे तुटते. आता सांगा, बिऱ्हाड शोधायचे ते कुठे?

जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळी राहिली. जागा मिळत नव्हती म्हणून नव्हे. दोघांना एकाच वेळी मान्य होईल अशी चूल सापडत नव्हती म्हणून. त्या काळात टिळकांची पत्रे येत. लक्ष्मीबाईंना शाळा मिळालेली नव्हती. लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतर, टिळकांच्या आग्रहाने. तेच अक्षरज्ञान आता उपयोगी पडले. नवऱ्याचे म्हणणे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले नाही. नगर जिल्ह्यात दोघांचा संसार पुन्हा सुरू झाला, तेव्हाही आरंभी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सांभाळले. जात सोडली ती स्वतःच्या विचाराने, सावकाश. आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात हसत, कधी डोळे पुसत सांगितले आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. ज्यांच्या गावच्या वाचनालयात हे पुस्तक असेल, त्यांनी ते जरूर काढून वाचावे. नसेल तर ग्रंथपालाला मागावे.

या दोन्ही घरांत मला एकच गोष्ट दिसते. जागा शोधणारा माणूस भिंती पाहतो, भाडे पाहतो, कामापासूनचे अंतर पाहतो. जिला तिथे दिवसभर राहायचे आहे, ती वेगळे विचारते. पाणी कुठून आणायचे? नळ किती वाजता येतो? चुलीचा धूर बाहेर जातो का? शेजारी कोण, त्यांची भाषा कळेल का? पोरांची शाळा रस्ता ओलांडून आहे का? तुळस लावायला मूठभर माती आहे का? या प्रश्नांनी खोलीचे घर होते. पण प्रश्न विचारणारीच्या हाती लेखणी नसेल, तर नवरा आपल्या परीने खोली घेऊन मोकळा होतो, आणि गाडीतून उतरल्यावर बाईला कळते की विहीर अर्धा कोस लांब आहे. मग नवऱ्याचे चुकले म्हणायचे, की त्याला कोणी विचारलेच नाही म्हणायचे?

न लिहिलेलेही असते. दारूगोळ्याच्या कारखान्यात काय काम करतो, हे पत्रात लिहायचे नसते. ती शिस्त आहे. पण शिस्तीच्या आड काळजीही दडते. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले, तेव्हा तो आवाज दूरवर ऐकू गेला. अशा कामावर असलेला माणूस घरी लिहितो ते क्वार्टरच्या यादीविषयी, आणि बायकोही तेवढ्यावरच उत्तर देते. घराचे बोलणे हे पुष्कळदा दुसऱ्या, न बोलता येणाऱ्या गोष्टीचेच बोलणे असते.

आता पत्रे उरली नाहीत, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. नवरा रिकाम्या खोलीत उभा राहून फोनवर चित्र दाखवतो, आणि बायको गावाहून सांगते, आधी नळ सोडून दाखवा. हे उत्तमच झाले. दोन आठवड्यांची वाट पाहणे वाचले, आणि मामंजींच्या तोंडून ऐकणेही वाचले. तक्रार असेल तर एवढीच, की ते बोलणे कुठे राहत नाही.

म्हणून शिक्षक मंडळींना एक काम सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना घरातली जुनी पत्रे आणायला सांगा. आजीची पेटी, देव्हाऱ्यामागची तार, रेशनकार्डाची पिशवी, इथे ती सापडतात. पत्रे वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. ती त्या घराची आहेत. मुलाने फक्त एवढे शोधायचे : पत्र कोणाच्या नावे आहे, अक्षर कोणाचे आहे, घराविषयी प्रश्न कोणी विचारला आणि त्याला उत्तर मिळाले का. बायकोची पत्रे कमी सापडतील. ती नवऱ्याच्या खोलीवर गेलेली असतात, आणि चौघांच्या खोलीत पत्र जपायला जागा कुठली?

सापडलेला इनलँड उलगडताना घडीवर जोर देऊ नये, तिथेच तो फाटतो. चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षर खाते. पाकिटावरचा शिक्का कापून टाकू नये, कारण पुष्कळ पत्रांत तारीख लिहिलेलीच नसते आणि ती शिक्क्यावरूनच काढावी लागते. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तेव्हा पत्त्यात सहा आकडे असतील, तर पत्र त्यानंतरचे समजावे. भंडाऱ्याकडचे असेल तर आकडा ४४१ ने सुरू होईल. आणि पेटीच्या तळाशी मनिऑर्डरीच्या पोचा सापडल्या, तर रद्दीत घालू नका. त्यावरचा अंगठा कोणाचा, हे आजीला विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक लिहून ठेवा. शाई पलीकडे उमटते.