बोट लागली, की साखर उतरली?

गेल्या जानेवारीत आमच्या महिला मंडळाची बस कोळसेवाडीतून रात्री अकराला सुटली. पहाटे महाड, चवदार तळ्यावर अभिवादन, तिथून मंडणगडमार्गे आंबडवे, आणि मुक्काम दापोलीजवळ समुद्रकाठी. कार्यक्रमाच्या कागदावर शेवटी पोरांनी पेनाने एक ओळ वाढवली होती, ‘सकाळी डॉल्फिन राइड’. ज्या बायका आयुष्यात ठाण्याच्या खाडीपुलावरून लोकलमधून पाणी बघण्यापलीकडे गेल्या नाहीत, त्या सगळ्या दुसऱ्या दिवशी साडेसहाला आंघोळ करून तयार होत्या. नाश्ता परत आल्यावर करायचा ठरला. तिथेच आमचं चुकलं.

बोट किनाऱ्यापासून पंधरा-वीस मिनिटं आत गेली असेल. आमच्यातल्या एक मावशी, वय ५८, गप्प झाल्या. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. शेजारची म्हणाली, “बोट लागली, लिंबू हुंगायला द्या.” कोणी पाठ चोळली, कोणी पिशवी पुढे धरली. मी हात धरला तर तो थंड, ओला आणि थरथरता. “मावशी, नातवाचं नाव काय?” असं विचारलं, तर त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. बोट लागलेल्या माणसाला मळमळतं, तो वैतागतो, पण नातवाचं नाव विसरत नाही. मावशींनी सकाळी नेमाने साखरेची गोळी घेतली होती, वर बिनसाखरेचा चहा, आणि पोटात दुसरं काही नाही.

माझ्या पर्समध्ये साखरेची पुडी होती, नर्सिंगच्या नोकरीतली जुनी सवय. तीन चमचे साखर थोड्या पाण्यात कालवून घोटाघोटाने पाजली. दहा-बारा मिनिटांनी मावशींनी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, “डॉल्फिन गेले का?” साखर तपासायचं मशीन मात्र मी बसमधल्या बॅगेत विसरले होते. ते किनाऱ्यावर आल्यावर लावलं, तेव्हा आकडा ८२ आला. साखर पाजण्याआधी तो किती खाली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आपल्या घरोघरी आता साखरेचे पेशंट आहेत आणि सहलीही वाढल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते. बोट लागणं आणि साखर उतरणं वरवर सारखं दिसतं. दोन्हींत घाम येतो, तोंड फिकट पडतं, गळून गेल्यासारखं वाटतं. साखर उतरली की हात कापतात, छाती धडधडते, कडकडून भूक लागते, बोलणं अडखळतं, माणूस गोंधळतो किंवा उगाच चिडतो. शंका आली तर साखर द्यावी. नुसती बोट लागली असेल तर तीन चमचे साखरेने काही बिघडत नाही, पण साखर उतरली असेल आणि आपण लिंबू हुंगवत बसलो तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच साखर द्या, आणि सावरल्यावर पोळी, बिस्किटं असं काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि बोट किनाऱ्याकडे घ्यायला सांगा.

साखर उतरवण्याचा धोका मुख्यतः इन्सुलिनचा आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचा. एकट्या मेटफॉर्मिनने असं क्वचितच होतं. आपल्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते निघण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर घरातल्या पोरीकडून वाचून घ्या. गोळी घेतली की खायचं. खाल्लेलं बोटीत उलटून पडलं तर त्या दिवशी दर दोन तासांनी थोडं गोड तोंडात टाकायचं, आणि शक्य असेल तर मशीन लावायचं.

आता खरोखरच बोट लागते तेव्हा काय होतं? आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात. डोकं कुठे कलतंय हे त्या मेंदूला कळवतात. बोटीत कान म्हणतो ‘आपण हलतोय’ आणि समोरचं बाकडं किंवा मोबाइल बघणारे डोळे म्हणतात ‘सगळं स्थिर आहे’. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि त्याचा परिणाम पोटावर होतो. एसटीत गाडी लागते तीही याच कारणाने. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, त्यातही गरोदरपणात, पाळीच्या दिवसांत आणि अर्धशिशी असणाऱ्यांना. तेव्हा ‘हिला काहीच सोसत नाही’ म्हणून हसणाऱ्या मंडळींना एवढंच सांगा, की हा कानाचा मामला आहे, नाटक नाही.

उपाय साधे आहेत. बोटीच्या मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा, तिथे हेलकावे कमी लागतात. नाकासमोर जिथे आकाश आणि पाणी मिळतं त्या रेषेकडे बघा. मोबाइल खाली ठेवा, शूटिंग एखाद्या पोराला करू द्या. डिझेलच्या धुरापासून दूर राहा. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि रात्रीचं मच्छी-मटण पोटात घेऊनही जाऊ नका. एक-दोन भाकऱ्या, केळं किंवा पोहे पुरे. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरं वाटतं. पुरुष मंडळींनी आदल्या रात्रीची बाटली टाळावी, दारू उतरताना तोच कान आधीच बिघडलेला असतो.

ज्यांना हमखास त्रास होतो त्यांनी गोळी आधी घ्यावी. अ‍ॅव्होमिन नावाने मिळणारी प्रोमेथाझिनची गोळी बोटीत बसण्याच्या तास-दोन तास आधी घेतली तरच उपयोगी पडते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर येते. हिने झोप येते, म्हणून सोबत कोणीतरी जागं माणूस हवं. दोन वर्षांखालच्या बाळांना ही द्यायची नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणारे आणि गरोदर बायका यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, मोठ्या मुलांची मात्राही त्यांच्याकडूनच घ्यायची. बऱ्याच घरात ओंडान्सेट्रॉनची उरलेली पट्टी असते आणि तीच उलटीची म्हणून बरोबर घेतली जाते. जुलाब-उलटीत ती कामाची, पण बोट लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट मला वाईट वाटते म्हणून लिहिते. आमच्या बसमधल्या निम्म्या बायका रात्रीपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. का, तर वाटेत बाईसाठी धड संडास नाही, आणि बोटीत तर नाहीच. काहींनी बीपीची, लघवी जास्त करणारी गोळीही त्या दिवशी टाळली. मग डोकं दुखतं, मळमळ वाढते, आणि घरी आल्यावर लघवीला आग सुरू होते. पैसे गोळा करणाऱ्यांनी मुक्काम आणि जेवणाच्या आधी वाटेतले संडास ठरवावेत, ड्रायव्हरला थांबे लिहून द्यावेत. बोटीची फेरी साधारण तासाभराची असते. निघण्याच्या अर्धा तास आधी जाऊन यायचं आणि बरोबर पाण्याची बाटली ठेवायची. एवढ्यासाठी आदल्या रात्रीपासून कोरडं राहायची गरज नाही. पाळी आली म्हणून बोटीत चढू नये, समुद्राला विटाळ होतो, असंही एकीने मला कानात विचारलं. समुद्राला काही होत नाही. पॅड बदलून या आणि बसा.

आपल्याकडे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त विदर्भातून आलेली बरीच कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी वेगळं सांगते. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर अंगातलं पाणी कमी होणं, गार वारा, ओले कपडे आणि जागरण या चारही गोष्टी वेदनेचा झटका आणू शकतात, आणि पहाटेच्या बोटफेरीत चारही एकत्र येतात. अशा मुलाला घरी ठेवा असं मी म्हणत नाही. रात्री झोप झालेली असू द्या, उन्हं आल्यावरची फेरी घ्या, शाल आणि कोरडे कपडे बरोबर ठेवा, पाणी पाजत राहा, नेहमीची औषधं चुकवू नका. नुसते वाहक असणाऱ्यांना सहसा अडचण येत नाही.

कंबरेचं, मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांनी वेगाने उडणाऱ्या बोटीच्या पुढच्या टोकाला बसू नये. लाटेवरून बोट आपटली की बसल्या जागी मणका दबून मोडू शकतो. गरोदर बाई आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेली व्यक्ती यांनी किनाऱ्यावर बसून चहा प्यावा, हे माझं स्पष्ट मत.

लाइफ जॅकेट. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. जॅकेट बोटीत असून उपयोग नाही, ते अंगात हवं, सगळे पट्टे आवळलेलं हवं. परीक्षा सोपी आहे. कोणीतरी खांद्याला धरून जॅकेट वर ओढावं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यातही निसटणार. मोठ्याचं जॅकेट लहानग्याला घालणं म्हणजे न घालण्यासारखंच. लहान जॅकेट नसेल तर मूल चढवू नका, पैसे परत मागा. बायका साडीवर जॅकेट घट्ट करायला संकोचतात, छातीवरून पट्टा नको म्हणतात, म्हणून तो सैल सोडतात. त्या दिवशी सलवार-कुर्ता घाला, ओढणी बॅगेत ठेवा. पाण्यात भिजलेली नऊवारी किती जड होते ते धुणं पिळणाऱ्या हाताला माहीत आहे. आणि बोटीवर माणसं किती बसवायची परवानगी आहे ते विचारायला लाजू नका. आपण तिकिटाचे पैसे देतो, विचारायचा हक्क आपला आहे.

आता ज्यासाठी जायचं तो डॉल्फिन. आपल्या किनाऱ्याला जवळून दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला करडा डॉल्फिन. तो उथळ पाण्यात राहतो, म्हणून तासाभराच्या फेरीत भेटू शकतो. टीव्हीतल्यासारखा उंच उड्या मारेलच असं नाही. श्वास घ्यायला वर येतो, पाठ आणि पर दाखवतो आणि खाली जातो. देवमासा या फेरीत दिसेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तो खोल समुद्रातला. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात निळा देवमासा दिसल्याची नोंद अभ्यासकांनी केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं तेव्हा लोकांनी ते समुद्रात ढकलायला जिवाचं रान केलं, पण ते वाचलं नाही. धम्मयात्रेला श्रीलंकेत जाणाऱ्यांना मिरिस्सा इथून देवमासे बघायच्या बोटी मिळतात, नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला हंगाम. पण ती फेरी खोल समुद्रातली आणि कित्येक तासांची असते. वर लिहिलेलं सगळं तिथे दुप्पट लागू.

डॉल्फिन दिसला की “तो बघ, तो बघ” करत सगळी बोट एका बाजूला धावते. बोट उलटण्याचं हे एक मोठं कारण. सगळं वजन एका कडेला गेलं आणि त्याच वेळी बाजूने लाट आली तर सावरायला वेळ मिळत नाही. जागेवर बसून बघा, बोट वळेल तसा तो दुसऱ्या बाजूलाही येतो. नाखव्याला ‘त्याच्या मागे घाल’ असा आग्रह करू नका. इंजिनाच्या आवाजाने जनावर घाबरतं, पंख्याने जखमी होतं, आणि झपकन वळणाऱ्या बोटीत आपलीच बाई पडते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला छळणं गुन्हा आहे.

इतकं करूनही कोणी पाण्यात पडलं आणि बाहेर काढल्यावर श्वास घेत नसेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात, उलटं धरून गरगर फिरवण्यात एक क्षणही घालवू नका. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोरात तीस दाब आणि दोन श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. समुद्रात तटरक्षक दलाचा नंबर १५५४, किनाऱ्यावर अ‍ॅम्ब्युलन्सचा १०८. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं.

ज्यांना एकदम समुद्राची भीती वाटते त्यांच्यासाठी घराजवळ एक सोय आहे. ठाणे खाडीत ऐरोलीच्या वन खात्याच्या केंद्रातून फ्लेमिंगो बघायची बोट हिवाळा-उन्हाळ्यात सुटते. खाडीचं पाणी शांत असतं. बोट भरती-ओहोटीच्या वेळेवर निघते, म्हणून आधी वेळ विचारून जा. कोणाला लागते, कोणाला नाही, ते तिथेच कळेल.

यंदाच्या सहलीची मीटिंग मागच्या रविवारी झाली. मावशी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. वर्गणी किती, मुक्काम कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “सिस्टर, नाश्ता बोटीच्या आधी आहे ना?”