रणगाडा कोण दुरुस्त करणार?

बालमित्रांनो, 'लिंबूटिंबू' म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नकोच! लपाछपी असो नाहीतर लगोरी, एखादं छोटं भावंड मागे लागतं, "मला पण घ्या ना!" मग मोठी मुलं त्याला घेतात, पण लिंबूटिंबू म्हणून. त्याच्यावर राज्य नाही. तो आउट झाला काय, न झाला काय, सारखंच! तुमच्यापैकी कुणी कधी लिंबूटिंबू झालं असेल, तर त्याला ठाऊक असेल, आत कुठेतरी फार टोचतं हो!

असाच एक लिंबूटिंबू मी दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे पाहिला. माझा धाकटा भाचा. पण खेळ लगोरीचा नव्हता, कॉम्प्युटरवरचा होता. थोरला भाचा आणि त्याचे मित्र आपापले कॉम्प्युटर जोडून चार विरुद्ध चार असा लढाईचा खेळ खेळत होते. एक गडी कमी पडला, म्हणून धाकट्याला घेतलं. थोरल्याने वर बजावलंही, "तू नुसता मागे उभा राहा. मध्ये येऊ नकोस!"

खेळाचं नाव 'वुल्फेनस्टाइन : एनिमी टेरिटरी'. लंडनच्या 'स्प्लॅश डॅमेज' या कंपनीने तो बनवला आणि २००३ साली चक्क फुकट वाटला. २०१० साली त्याची मूळ आज्ञावलीही सर्वांना खुली झाली. तेव्हापासून हौशी मंडळी त्याची डागडुजी करत आली आहेत. म्हणून इतका जुना खेळ अजून चालतो.

यात दोन बाजू असतात, दुसऱ्या महायुद्धातल्या. पण खेळायला उतरण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट ठरवायची असते : मी कोण होणार? सैनिकांचे पाच प्रकार आहेत. ही कल्पना त्याच्याही आधीची. 'टीम फोर्ट्रेस' नावाच्या १९९६ सालच्या खेळात तर असे नऊ प्रकार होते!

आपले पाच कोणते, ते पाहू.

पहिला सोल्जर. अवजड हत्यारं यालाच मिळतात. मशीनगन, तोफगोळा फेकणारी नळी, आग ओकणारं यंत्र. साहजिकच सगळ्यांना हाच व्हायचं असतं.

दुसरा मेडिक, म्हणजे वैद्य. तो जखमी सोबत्यांना औषधाच्या पेट्या देतो. कुणी पडला, तर सिरिंज टोचून त्याला तिथल्या तिथे उभा करतो. याचं महत्त्व लक्षात आलं का? मेडिक नसेल तर पडलेल्याला नव्या कुमकेची वेळ येईपर्यंत थांबावं लागतं, आणि मग पार मागून पळत यावं लागतं. म्हणजे एक मेडिक संपूर्ण पथकाचा वेळ वाचवतो.

तिसरा फील्ड ऑप्स. हा काडतुसांची पाकिटं वाटतो. बंदूक कितीही भारी असली, तरी गोळ्या संपल्यावर ती काठीच की! शिवाय दुर्बिणीतून जागा दाखवून तोफांचा माराही हाच मागवतो.

चौथा कव्हर्ट ऑप्स, म्हणजे हेर. पडलेल्या शत्रूचा गणवेश चढवून तो शत्रूच्या दारातून थेट आत शिरतो. जमिनीत पुरलेले सुरुंगही दुर्बिणीने हाच हेरतो.

आणि पाचवा इंजिनिअर. त्याच्या हातात असते एक पक्कड. हसलात ना? थांबा जरा!

त्या दिवशी मुलं 'गोल्ड रश' नावाचा डाव खेळत होती. उत्तर आफ्रिकेतलं एक गाव. तिथला रणगाडा पळवायचा, तो बँकेपर्यंत न्यायचा, दार फोडायचं, सोन्याच्या दोन पेट्या ट्रकमध्ये टाकायच्या आणि पसार व्हायचं. तेही ठरलेल्या वेळेत.

थोरला आणि त्याचे दोन्ही मित्र सोल्जर झाले. नुसता धुमधडाका! शत्रू पडत होते, आरडाओरडा चालला होता. पण रणगाडा जागचा हलेना. का? तो नादुरुस्त होता, आणि त्याला दुरुस्त करू शकतो फक्त इंजिनिअर. तिघांनी मिळून वीसेक शत्रू पाडले आणि डाव हरले.

दुसऱ्या डावाला धाकटा हळूच म्हणाला, "मी इंजिनिअर होऊ? मला नेम जमत नाही, पण पक्कड चालवता येईल."

कुणी उत्तर दिलं नाही. पण कुणी नाहीही म्हटलं नाही. तो झाला इंजिनिअर.

तो भिंतीच्या कडेकडेने गेला, रणगाड्याला चिकटून बसला आणि पक्कड चालवू लागला. थोड्याच वेळात रणगाडा घरघरला! आपला माणूस जवळ असला की तो पुढे सरकतो. आता सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. वाटेत समोरच्या इंजिनिअरने अडथळा उभारला होता. तो उडवायला डायनामाइट हवं, आणि तेही इंजिनिअरकडेच असतं. धाकट्याने ते ठेवलं, पकडीने चालू केलं. आता तीस सेकंद राखण करायची, नाहीतर समोरचा इंजिनिअर येऊन ते निकामी करणार. तेवढ्यात आमचा इंजिनिअर पडला!

"अरे, त्याला कुणीतरी उठवा रे!" थोरला ओरडला. उठवणार कोण? मेडिक तर कुणीच नव्हता. मग थोरल्याने मुकाट्याने आपला प्रकार बदलला. पुढच्या कुमकेबरोबर तो मेडिक होऊन आला. त्यानंतर धाकटा पडला की थोरला सिरिंज घेऊन हजर!

रणगाडा बँकेपर्यंत पोचला. दार फुटलं. एक पेटी ट्रकमध्ये पडली, दुसरी उचलली, आणि वेळ संपली. हरले बिचारे! पण तिसऱ्या डावाआधी काय झालं माहीत आहे? समोरची मुलं भांडायला लागली, "ह्या वेळी तो आमच्याकडे!" आणि थोरला म्हणाला, "छे! इंजिनिअर आमचाच." धाकट्याचा चेहरा त्या वेळी तुम्ही पाहायला हवा होतात!

तेव्हा मित्रांनो, प्रकार निवडताना तीन प्रश्न विचारा. आपल्या पथकात कोण कमी आहे? ह्या डावाचं मुख्य काम कोणतं? आणि मला त्यातलं काय जमेल? 'मला काय मिरवता येईल' हा प्रश्न यात नाही, बरं का! खेळ बनवणाऱ्यांनीही हे ओळखलंय. सोबत्याला उठवलं, काडतुसं वाटली, पूल बांधला, तरी गुण मिळतातच. कबड्डीत नाही का? सातही जण चढाईलाच निघाले, तर पकड कोण करणार?

आता दोन शब्द पालकांसाठी. हा खेळ बंदुकांचा आहे, लहानग्यांसाठी नाही. कोणताही खेळ घेताना त्यावरची वयोमर्यादा पाहा. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत ठेवा. किती वेळ खेळायचं ते आधी ठरवा, पण सुरू असलेला डाव मध्येच तोडू नका. सोबती खोळंबतात हो! अनोळखी लोकांबरोबर खेळताना नाव, शाळा, फोन नंबर सांगायचा नाही, हे मुलांना पक्कं शिकवा. आणि एकदा तरी जवळ बसून सांगा, की खऱ्या युद्धात अशी सिरिंज नसते. त्या महायुद्धात कोट्यवधी माणसं गेली. त्यातलं कुणीही पुढच्या कुमकेबरोबर परत आलं नाही.

आणि मुलांनो, उद्या मधल्या सुट्टीत गडी वाटताना तो कोपऱ्यातला मुलगा दिसेल. त्याला लिंबूटिंबू म्हणण्याआधी एवढंच विचारा, "तुला काय जमतं रे?" कुणी सांगावं, तुमचा अडलेला रणगाडा तोच हलवेल!