'वन्स मोअर'ला गुण नाहीत

रविवार, सकाळचे साडेदहा. लंडनच्या ईलिंगमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी टेबलामागे बसले आहे. समोर लाकडी जमिनीवर चिकटपट्टीने आखलेला पांढरा चौकोन, कडेला एक खुर्ची, खिडकीत छोटा स्पीकर. माझ्यापुढे पेन्सिल, घड्याळ आणि चार रकान्यांचा कागद. आमच्या शनिवार-रविवारच्या नाट्यवर्गाची आज सराव परीक्षा आहे. मुलं एकेक करून आत येणार, संगीतिकेतला एक प्रवेश गाण्यासकट करणार आणि मी गुण देणार. बाहेर पॅसेजमध्ये पालक थर्मास घेऊन बसलेत. दार उघडलं की सगळ्या माना एकदम वळतात.

या मुलांतली काही पुढे जी परीक्षा देतात, ती घेणारी संस्था इथून हाकेच्या अंतरावर आहे. लंडन कॉलेज ऑफ म्युझिकची स्थापना 1887 सालची. 1991 मध्ये ते ईलिंगच्या पॉलिटेक्निकमध्ये सामील झालं आणि आज सेंट मेरीज रोडवरच्या युनिव्हर्सिटी ऑफ वेस्ट लंडनचा भाग आहे. अभिनय आणि संगीतिका या दोन्हींच्या ग्रेड परीक्षा ते घेतं, बाहेरच्या मुलांनाही बसता येतं. शंभरपैकी 65 ला उत्तीर्ण, 75 ला मेरिट, 85 ला डिस्टिंक्शन. सहावी ते आठवी ग्रेड मिळाली की विद्यापीठ प्रवेशासाठी धरले जाणारे गुणही पदरात पडतात. म्हणून पॅसेजमधली शांतता जरा जास्तच गंभीर असते.

आमच्या सरावाच्या कागदावर चार रकाने आम्हीच पाडलेत, प्रत्येकी 25 गुणांचे: आवाज, अभिनय, हालचाल, समज. दिसायला सोपं वाटतं. पण माणसाचा कान आधी भुलतो. गळा गोड लागला की अभिनयाच्या रकान्यातही हात सैल सुटतो. एका वाफ्यातलं पाणी बांध फोडून शेजारच्या वाफ्यात शिरतं तसं. परीक्षकाचं निम्मं काम हे बांध राखण्याचं.

पहिली आली अकरा वर्षांची मुलगी. वडील नाशिकचे, तिचा जन्म इथला. गाणं 'मटिल्डा'मधलं. रॉयल शेक्सपिअर कंपनीने 2010 मध्ये रंगमंचावर आणलेल्या या संगीतिकेत, घरात कोणी विचारत नाही अशी लहानगी मटिल्डा याच गाण्यात ठरवते की आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. आणि करतेही. आईच्या केस रंगवण्याच्या बाटलीतलं द्रव्य बापाच्या तेलाच्या बाटलीत ओतते. म्हणजे गाणं सुरू होताना ती सोसणारी असते, संपताना गुन्हेगार.

मी पहिलं अर्धं मिनिट पेन्सिल उचलत नाही. परीक्षकाचा हात हलला की मुलांचे डोळे तिकडेच जातात. म्हणून आम्ही त्यांना सांगतो, माझ्याकडे बघू नका, माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर तुमचा माणूस उभा करा. तिने तो उभा केला. सूर चोख, शब्द स्वच्छ, श्वास वाक्याच्या मध्ये कुठेही तुटला नाही. डाव्या हातात नसलेली बाटली धरली, उजव्या हाताने झाकण फिरवून काढलं. झाकणाला किती आटे आहेत तेही कळावं इतकं नेमकं. मग गाणं वर चढलं. वरचा सूर आला तसे दोन्ही हात पसरून आभाळाकडे गेले. बाटली गेली, झाकण गेलं, मटिल्डाही गेली. उरली एक छान गाणारी मुलगी.

बाहेरून टाळ्या आल्या. दाराला कान लावून ऐकत होते सगळे.

त्या टाळ्या मला ओळखीच्या आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' आणि 1882 मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून आपला कान पदासाठी थांबायला शिकला. बालगंधर्वांच्या काळात तर 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' पडत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. त्यांनी रंगवलेली रुक्मिणी काय करत होती हे तेवढ्यापुरतं बाजूला राहिलं तरी कोणाची तक्रार नसे. प्रेक्षकांनी तिथल्या तिथे दिलेले ते गुणच होते, आणि त्या रंगभूमीच्या रीतीत ते रास्तही होते. माझ्या घरात आजोबांच्या ध्वनिमुद्रिका वाजायच्या. माझा कान त्याच मुशीतला. या टेबलामागे मात्र मला तो आवरावा लागतो. इथे विचारायचं एवढंच: बोलणं अपुरं पडलं म्हणून माणूस गायला लागला का? आणि गाणं संपलं तेव्हा गोष्ट एक पाऊल तरी पुढे सरकली का?

दुसरा मुलगा तेरा वर्षांचा. 'ऑलिव्हर'मधलं गाणं, लायनेल बार्टच्या 1960 च्या संगीतिकेतलं. शवपेट्या विकणाऱ्याच्या तळघरात कोंडलेला अनाथ पोरगा आईच्या मायेसाठी व्याकूळ होऊन गातो. आमच्या पोराचा आवाज नुकताच फुटायला लागलाय. तिसऱ्याच ओळीला तो चिरकला. त्याने आवंढा गिळला, पण नजर भिंतीवरून हलवली नाही. गुडघे पोटाशी आणखी ओढले आणि पुढची ओळ जवळजवळ बोलूनच काढली. पुढे दोनदा चिरकला. दोन्ही वेळा ऑलिव्हरच चिरकला.

गाण्यानंतर गप्पा असतात. मी विचारलं, "गाणं सुरू व्हायच्या आधी तू काय करत होतास?"

"पेट्या मोजत होतो," तो म्हणाला. "मोजत राहिलं की कमी भीती वाटते."

हे संहितेत कुठे नाही. त्याने स्वतः शोधलेलं. मुलीला हाच प्रश्न विचारला तेव्हा तिने संगीतिकेची सगळी कथा न अडखळता सांगितली.

आकडे असे पडले. मुलगी: आवाज 22, अभिनय 17, हालचाल 18, समज 20. मुलगा: 16, 22, 18, 22. ती 77, तो 78. दोघंही मेरिट. बेरीज दोघांना शेजारी बसवते, पण पुढचा रस्ता दोघांचा वेगळा आणि तो बेरजेत दिसत नाही. तो शेऱ्यात लिहावा लागतो.

शेरा कसा लिहू नये, हे मी एका आईकडून शिकले. काही वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळाच्या गणेशोत्सवात एकपात्री स्पर्धेला परीक्षक होते. इथेच वाढलेल्या एका मुलीच्या कागदावर मी झोकात लिहिलं, 'उच्चार सुधारावेत.' कार्यक्रमानंतर तिची आई कागद घेऊन आली. "ताई, कोणते उच्चार? आम्ही घरी करून घेऊ." मला एकही शब्द आठवेना. ळ होता की च, माहीत नव्हतं. कानाला काहीतरी परकं लागलं होतं आणि त्याचा मी निकाल करून टाकला होता. त्या दिवसापासून माझा नियम आहे: ज्या क्षणाकडे बोट दाखवता येत नाही, त्याचा गुण कापायचा नाही.

स्पर्धा आणि परीक्षा यांतला फरकही याच टेबलाशी कळतो. स्पर्धेत कोणीतरी पहिलं येतंच, अशी आपली समजूत. पुण्यात 1963 पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत 2022 मध्ये परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. गदारोळ झाला. निकाल बरोबर की चूक यावर नाट्यवर्तुळात वाद झडले. मला त्यात दिसतो तो परीक्षकाचा नेहमीचाच पेच: मोजायचं कशाशी, शेजारच्या संघाशी की मनातल्या एका रेषेशी? ग्रेड परीक्षेत रेषा आधीच आखलेली आणि सगळ्यांना माहीत असते. त्यामुळे एकाच सकाळी सगळ्यांना डिस्टिंक्शन मिळू शकतं, किंवा कोणालाच नाही. आमच्या मुलांना हे सांगून पटतं, पालकांना पटायला वेळ लागतो.

दीड वाजता मी कागद वाटले. मुलीच्या कागदावर लिहिलं होतं, 'झाकण उघडलंस तेव्हा मला बाटली दिसली. वरच्या सुराला दोन्ही हात वर गेले आणि ती नाहीशी झाली. बाटली कुठे ठेवलीस?'

वडिलांनी आधी खालचा आकडा पाहिला. "77? आणि त्या मुलाचा तर आवाज फाटत होता," ते मला हळूच म्हणाले. मी उत्तर जुळवत होते, तोवर मुलीचा शेरा वाचून झाला होता. ती वडिलांकडे वळलीच नाही. डावी मूठ अर्धी मिटून तिने समोर धरली, तोंडातल्या तोंडात गाणं वर नेलं आणि एकच हात उचलला, उजवा. डावा होता तिथेच राहिला. मग तिने उजवा हात खाली आणला आणि सावकाश, तीन आट्यांत, झाकण लावलं.

मी पुढच्या मुलाचा कागद शोधायला लागले.