यकृताचे आजार आणि रक्ताची गुठळी विरघळविणारी प्रथिने

यकृताच्या आजाराविषयी बोलताना आपल्याकडे कावीळ, मंदावलेली भूक आणि पोटात होणारे पाणी यांचाच उल्लेख होतो. रक्त गोठणे आणि गोठलेले रक्त पुन्हा विरघळणे या दोन्ही क्रियाही बव्हंशी यकृतावर अवलंबून असतात, हे फारसे सांगितले जात नाही. ‘यकृत बिघडले म्हणजे रक्त पातळ झाले’ असा सरसकट समज त्यामुळे रूढ झाला आहे. हा समज अपुरा आहे आणि रुग्णाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

जखम झाली की रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे तंतू बनतात. त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी तयार होते. जखम भरत आली की हे जाळे काढावे लागते, नाहीतर रक्तवाहिनी तुंबेल. हे काम प्लास्मिन करते. एरवी ते प्लास्मिनोजेन या निष्क्रिय रूपात रक्तात फिरत असते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून स्रवणारे टीपीए हे प्रथिन त्यास कार्यान्वित करते. अँटिप्लास्मिन त्यास आवर घालते.

प्लास्मिनोजेन आणि अँटिप्लास्मिन ही दोन्ही प्रथिने यकृतात तयार होतात. टीपीए तेथे बनत नसले, तरी ते रक्तातून काढून टाकण्याचे काम यकृताचेच. निरोगी शरीरात रक्तातील टीपीए सुमारे ५ मिनिटांत निम्मे होते. सिरोसिसमध्ये यकृत कठीण व व्रणयुक्त होते. मग टीपीए रक्तात साचून राहते, अँटिप्लास्मिन घटते आणि गुठळी वेळेआधीच विरघळू शकते. सिरोसिसच्या रुग्णाचे गोठलेले रक्त पुन्हा पातळ होते, हे निरीक्षण अमेरिकन वैद्य अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९१४ मध्येच नोंदविले होते.

परंतु तराजूचे दुसरे पारडेही हलके झालेले असते. प्लास्मिनोजेनही कमी बनते, म्हणजे विरघळविण्याची मूळ सामग्रीच तोकडी पडते. रक्त गोठविणारे घटक घटतात, तसे गोठणे थांबविणारे घटकही घटतात. तोल राहतो, पण तो नाजूक असतो. संसर्गासारख्या निमित्तानेही कोणत्याही बाजूस ढळतो. म्हणूनच सिरोसिसच्या काही रुग्णांमध्ये यकृताकडे रक्त नेणाऱ्या प्रतिहारिणी शिरेतच गुठळी होते. यकृत अकस्मात निकामी झाल्यास तर टीपीएला रोखणारे पीएआय हे प्रथिन वाढते आणि गुठळी विरघळण्याची क्रिया मंदावते.

या दुहेरी धोक्याची साक्ष इतिहासातही आहे. १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवावरील पहिले यकृतरोपण केले. तो बालरुग्ण रक्तस्रावाने दगावला. पुढील रुग्णांना गुठळी टिकविणारी औषधे देण्यात आली. रक्तस्राव आवरला, मात्र गुठळ्या फुप्फुसांपर्यंत पोहोचल्या.

यातून कुटुंबीयांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. प्रोथ्रॉम्बिन टाइम वा आयएनआर ही तपासणी गोठण्याच्या एका भागाचीच असते. गुठळी विरघळण्याविषयी ती काही सांगत नाही. तेव्हा त्या एका आकड्यावरून ‘या रुग्णास गुठळी होणारच नाही’ असे मानू नये. पाय एकाएकी सुजला, धाप लागली किंवा पोटात तीव्र वेदना झाल्या, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्ताची उलटी वा डांबरासारखी काळी शौच झाल्यासही तेच करावे. अशा वेळी बहुधा अन्ननलिकेतील दाबाने फुगलेली शीर फुटलेली असते. अ‍ॅस्पिरिन वा अन्य वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नयेत आणि त्यांनी दिलेले औषध आपल्या मताने बंदही करू नये.

सिरोसिसची अनेक कारणे टाळता येण्याजोगी आहेत. मद्य वर्ज्य करणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि नवजात बालकास २४ तासांच्या आत हिपॅटायटीस-बीची लस देणे, एवढे तर प्रत्येक घराला शक्य आहे. ढळलेला तोल सावरणे कुशल डॉक्टरांनाही अवघड जाते; तो ढळू न देणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.