सिद्धार्थ गेला, गोळी राहिली

2019 च्या ऑगस्टमधली गोष्ट. उल्हास नदीचा पूर नुकताच ओसरला होता. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, तोच पावसाळा. ओपीडीत तापाच्या रुग्णांची रांग दाराबाहेर गेलेली. त्यात बेलवलीचे एक काका आले. ताप नव्हता, डोकं जड वाटत होतं. रक्तदाब 180/104. एप्रिलमध्ये तो 134/82 होता. औषध तेच, मीठही बेतानंच.

“गोळी रोज घेता ना?”

“घेतो की.”

सोबतची सून हळूच म्हणाली, “डॉक्टर, बाबांनी टीव्ही सोडला तशी गोळीही सुटली.”

गोळीची डबी टीव्हीपाशी असे. संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावायचा, गोळी घ्यायची. एरवी बातम्या, मोसमात प्रो कबड्डी. काकांनी तरुणपणी गावच्या मैदानात चढाया केलेल्या. यू मुंबा म्हणजे घरचा संघ. त्यात 2018 मध्ये चंदगडचा सिद्धार्थ देसाई आला आणि पहिल्याच मोसमात त्यानं चढाईचे 218 गुण मिळवले. काका त्याला ‘आपला पोरगा’ म्हणत. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतलं. नव्या मोसमाचा पहिलाच सामना हैदराबादला, यू मुंबाविरुद्ध. आपला पोरगा आपल्याच पोरांवर चढाई करतोय हे पाहून काका उठले आणि देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मग रोजच संध्याकाळी कट्टा. घरात सगळे हसत.

मी हसलो नाही. (खरं सांगायचं तर थोडा हसलो, पण मशीनवरचा आकडा पाहून थांबलो.)

खेळाडू आपल्याला ओळखत नाही, पण रोज दिसणाऱ्या चेहऱ्याशी मन नातं जोडतंच. 1956 मध्येच दोन अमेरिकी संशोधकांनी प्रेक्षकाच्या या एकतर्फी नात्यावर लिहिलं होतं. 1976 मध्ये अमेरिकेतच असं दिसलं, की कॉलेजचा संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात, हरला की ‘ते हरले’. संघ हा असा ‘मी’चा भाग होतो. मग खेळाडू गेला की घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं, आणि या दुःखाला कोणी भेटायला येत नाही. ते रागाच्या वाटेनं बाहेर पडतं. बर्फावरच्या हॉकीचा वेन ग्रेट्स्की 1988 मध्ये एडमंटनहून लॉस एंजेलिसला दिला गेला, तेव्हा कॅनडाच्या एका खासदारानं सरकारनं हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली होती. आपल्याकडे हार्दिक पंड्या गुजरात सोडून मुंबईत परतला, तर 2024 मध्ये अहमदाबादनं त्याची हुर्यो उडवली. रोहितचं कर्णधारपद त्याला दिलं म्हणून वानखेडेनंही उडवली. जुलैमध्ये विश्वचषक घेऊन आल्यावर त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. तेव्हा हा राग फार मनाला लावून घेऊ नये, असं माझं मत.

शरीराला मात्र ते कळत नाही. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना 2.66 पट झाल्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक. काकांचं प्रकरण त्याहून साधं होतं. सवयीची खुंटीच निखळली आणि तिच्यावर टांगलेली गोळी पडली. खुंटी टीव्हीचीच असते असं नाही. नोकरी संपते, सोबतीण जाते, सकाळच्या लोकलचा ग्रुप मोडतो. रक्तदाब अचानक वाढला की नवं औषध लिहिण्याआधी मी आता विचारतो, “हल्ली घरात काय बंद झालंय?”

काकांची डबी आम्ही जेवणाच्या ताटापाशी आणली. एखाद्या दिवशी विसरलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हेही सुनेला सांगितलं. महिन्याभरानं आकडा 138/84.

“कबड्डी बघता का?”

“बघतो. यू मुंबा जिंकायला पाहिजे,” काका म्हणाले, “आणि त्याचे दहा गुण व्हायला पाहिजेत.”