वस्ती जोडणारा दुवा : छत्तीसगडच्या ‘मितानिन’ जाळ्याचा अनुभव

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूर मार्गावर भनपुरी हा जुना औद्योगिक भाग आहे. उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे येथून जवळच आहेत. या पट्ट्यात छत्तीसगडच्या खेड्यांतून, तसेच ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली कामगार कुटुंबे राहतात. अशा ठिकाणी लोकसहभाग उभा करणे खेड्यापेक्षा अवघड असते. शेजारी एकमेकांना अनोळखी असतात आणि भाडेकरू वारंवार खोल्या बदलतात. शिवाय पाणी महापालिकेकडे, शिधापत्रिका अन्न विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि लसीकरण आरोग्य विभागाकडे असते. एका कुपोषित बालकाचा प्रश्न अशा रीतीने चार कार्यालयांत विभागला जातो. ही कार्यालये आणि ते घर यांना जोडणारा दुवा कोणता, हा सामुदायिक विकासातील मूळ प्रश्न आहे.

छत्तीसगडने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधले. नोव्हेंबर २००० मध्ये राज्याची स्थापना झाली, तेव्हा ग्रामीण आरोग्यसेवा अत्यंत तोकडी होती. २००२ मध्ये शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्याला आधार देण्यासाठी राज्य आरोग्य संसाधन केंद्र स्थापन करण्यात आले. प्रत्येक पाड्याने, म्हणजे स्थानिक भाषेतील ‘पाऱ्या’ने, आपल्यातील एका महिलेची निवड करावी, असे ठरले. गीते आणि नाट्य सादर करणाऱ्या कलाजथ्यांनी गावोगावी ही कल्पना पोहोचवली.

नावाची निवडही अर्थपूर्ण होती. छत्तीसगडी लोकजीवनात ‘मितान’ जोडण्याची प्रथा आहे. दोन व्यक्ती विधिपूर्वक मैत्री स्वीकारतात आणि त्यानंतर दोन्ही कुटुंबे सुखदुःखात एकमेकांना नातलग मानतात. महाप्रसाद, गंगाजल, भोजली ही या मैत्रीची नावे होत. अनेकदा हे नाते जातीच्या सीमा ओलांडते. शासकीय कार्यक्रमाने लोकांच्या परिचयाचे हेच नाते आधाराला घेतले.

अशी कल्पना देशात नवी नव्हती. महाराष्ट्रात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित ग्रामीण महिलांना आरोग्यसेविका म्हणून घडवले होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यदूतांच्या साह्याने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. छत्तीसगडचे वेगळेपण व्याप्तीत आहे. एका संस्थेच्या कार्यक्षेत्रापुरता राहिलेला प्रयोग येथे संपूर्ण राज्यात पोहोचला. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ योजनेला या अनुभवाचा उपयोग झाला. आज राज्यात सुमारे ७० हजार मितानिनी आहेत.

या जाळ्याचे बळ केवळ संख्येत नाही. मितानिन एकटी पडू नये यासाठी साधारण वीस जणींमागे एक प्रशिक्षक असते आणि ती नियमित भेटी देते. गावपातळीवर आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते. त्यामुळे शिधावाटप दुकान, अंगणवाडी किंवा हातपंपाची तक्रार एका महिलेची न राहता समितीची होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार छत्तीसगडमध्ये संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे १४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ८६ टक्क्यांवर गेले. जननी सुरक्षा योजना, रुग्णवाहिका आणि नवी आरोग्य केंद्रे यांचाही त्यात वाटा आहे. मात्र या सुविधांपर्यंत कुटुंबाला नेणारी व्यक्ती बहुधा मितानिनच असते.

२०१२ पासून हा कार्यक्रम राज्यातील शहरी गरीब वस्त्यांत आला. भनपुरीसारख्या कामगारबहुल भागांच्या दृष्टीने हा टप्पा महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० कुटुंबांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिच्यासाठी वर्षाला ५ हजार रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद आहे. रक्कम लहान असली, तरी ती कशावर खर्च करायची याचा निर्णय वस्तीतील महिला घेतात. तुंबलेल्या गटाराचा विषय समितीच्या बैठकीत आला की निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या शेजारणींना एकत्र येण्याचे निमित्त मिळते.

या जाळ्यावर ताणही आहे. सुरुवातीला मितानिनचे काम पूर्णतः स्वयंसेवी होते. पुढे कामांनुसार प्रोत्साहन रक्कम सुरू झाली, नोंदी आणि उद्दिष्टे वाढली. योग्य व वेळेवर मानधन मिळावे, यासाठी मितानिनींनी रायपुरात वेळोवेळी आंदोलने केली आहेत. त्यांच्यापुढील पेच खरा आहे. मोबदला नाकारणे म्हणजे गरीब महिलेच्या श्रमावर व्यवस्था चालवणे होय. तर केवळ विभागाची कर्मचारी मानल्यास विभागालाच प्रश्न विचारण्याची तिची मोकळीक आक्रसते.

शासन, संस्था आणि समुदाय यांच्या सहकार्याचा कस याच ठिकाणी लागतो. शासनाकडे निधी आणि अधिकार असतात, संस्थांकडे प्रशिक्षणाचे कौशल्य असते आणि वस्तीकडे आपल्या गरजांचे ज्ञान असते. मितानिनला सन्मानजनक मोबदला मिळाला आणि वस्तीच्या वतीने बोलण्याचा तिचा हक्कही अबाधित राहिला, तरच हे तिन्ही घटक एकमेकांना उत्तरदायी राहतील.